दहाच्या फुलांना पाणी

काहीही न करणं हे काम आमच्या घरात कधी कुणाला जमलं नाही. रामनगरच्या त्या घरात आम्ही चार माणसं होतो, आणि चारांतली तिघं आपण किती राबतो हे दिवसभर एकमेकांना दाखवत असायची. चौथी माझी आई. ती खरोखरच राबायची, त्यामुळं दाखवायला तिला सवड नसे. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. घाट उतरायच्या आधी ट्रकवाले तिथं थांबत. ब्रेक लागताना होणारा तो फुस्स आवाज, क्लीनरच्या हाका, बसच्या टपावर आदळणारी पोती, हे ऐकत मी वाढले. आज बेळगावच्या फ्लॅटमध्ये दारंखिडक्या लावून सगळं गप्प झालं की मला कसंसंच होतं.

घरावर राज्य आत्तीचं. आत्ती ही अण्णांची थोरली बहीण. ती सासरी नांदायला गेली आणि सासरच्यांना पुरून उरून परत आली, असं अण्णा तिच्या माघारी म्हणत. तिच्या समोर ते फारसं काही म्हणतच नसत. आमची मूळ मंडळी खानापूरची, आणि ही गोष्ट आत्ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाण्याच्या तांब्याआधी सांगायची. खानापूर म्हणजे काही काशी नव्हे. रामनगरात गाडीत बसलं की एक डुलकी होते न होते तोवर येतं. पण आत्तीच्या बोलण्यात ते असं यायचं की ऐकणाऱ्यानं चपला काढून ठेवाव्यात. तिथला भात वेगळा, तिथली माणसं वेगळी, तिथली भांडीसुद्धा वेगळी. भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडं रीत आहे, आणि आत्ती दर शनिवारी मांडणीवरची पितळी भांडी खाली काढून प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं वाचायची. अमक्या काकांकडून, तमक्या मामींकडून, सगळी खानापूरची. त्या सगळ्यांत दिग्गीहून आलेलं भांडं एकच होतं. माझ्या बारशाला मामानं दिलेला लहानसा तांब्या. त्यावर ‘चि. लीला हिस मामाकडून’ असं वाकडंतिकडं कोरलेलं होतं. आत्ती तो वाचायची नाही. नुसता पुसून मागच्या रांगेत ठेवायची.

आई दिग्गीची. जोयड्याच्या डोंगरात, बाजारकुणंगच्याही पुढं, रान दाट होत होत जिथं उरलेलं आकाशही झाकून टाकतं तिथं तिचं माहेर. आमचे आजोबा तिकडं जंगलचा माल घ्यायला जायचे. एकदा एका शेतकऱ्याच्या घरी जेवायला थांबले, कोनफळाची भाजी आणि उकड्या तांदळाची पेज पोटभर जेवले, आणि वाढणाऱ्या मुलीला सून करायचं ठरवून ढेकर देत परत आले. एवढ्यावर माझ्या आईचं लग्न ठरलं. पुढं आजोबा वारले, पेजेची आठवण त्यांच्याबरोबर गेली, आणि घरात उरली ती ‘रानातली’. तिच्या बोलण्यात कोकणीचा हेल होता, चालण्यात डोंगराची सवय होती. ह्या दोन्हींवरून आमच्या घरात करमणूक चालायची. मीही त्यात होते. आईच्या हेलाची नक्कल मला फार छान यायची आणि आत्ती पाहुण्यांसमोर ती मला करायला लावायची.

आत्ती आणि आई एकमेकींशी बोलत नसत. भांडण नव्हतं; भांडायचं तर बोलावं लागतं. आत्तीला जे सांगायचं ते ती माझ्यामार्फत सांगायची. आई समोर चुलीशी बसलेली असताना ती मला म्हणायची, लीला, तुझ्या आईला सांग, कुळीथ करपाय लागलंय. मी मान वळवून आईला सांगायचे की कुळीथ करपाय लागलंय. आई म्हणायची, उतरवते म्हणून सांग. तोवर कुळीथ करपलेलं असायचं. तीन हातांच्या अंतरावर मी ही टपालाची नोकरी कळायला लागल्यापासून केली, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मान वाटायचा. माझ्यावाचून ह्या घराचा गाडा चालत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

दिग्गीच्या माणसाला ऊन म्हणजे काय वाटतं ते मला फार उशिरा कळलं. तिथं अंगणात ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, थोडा वेळ टेकून जायचं. आमच्या रामनगरच्या अंगणात मात्र ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण मांडून असे, आणि त्याची वाटणी आत्तीनं कधीच करून टाकली होती. तुळशीकडचं ऊन पापडांचं, मधलं भाताचं, विहिरीकडचं आमसोलांचं आणि मिरच्यांचं. आईच्या वाटणीला काही नव्हतं. फक्त रस्त्याच्या कडेला, जांभ्या दगडाच्या गडग्याला, म्हणजे बुटक्या कुंपणभिंतीला, लागून एक लांबट पट्टा होता. तिथली जमीन म्हणजे तापलेला जांभा, वर मूठभर तांबडी माती. हरळीनंसुद्धा तिथं येऊन बघितलं होतं आणि परत गेली होती. ते ऊन कुणालाच नको होतं.

रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या वखारीतल्या कारकुनाची बदली झाली. जाताना त्याच्या बायकोनं आईला ओंजळभर काड्या दिल्या. मांसल, तांबूस, सुईसारख्या जाड पानांच्या. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं, कुणी ऑफिस टाइम. आमच्याकडं सगळे दहाचं फूल म्हणायचे. आत्तीनं काड्या पाहिल्या आणि माझ्यामार्फत कळवलं की मागून आणलेलं झाड लागत न्हाई, चोरून आणलेलंच लागतं, खानापुरात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतंय. आईनं काड्या वळचणीला नेऊन ठेवल्या. दसऱ्यानंतर पाऊस पुरता सरला तेव्हा ती कोयत्याच्या टोकानं त्या पट्ट्यात भोकं पाडत बसली, एकेका भोकात एकेक काडी खोवली, एकदा, एकदाच ओंजळीनं पाणी शिंपडलं, आणि उठून भात कांडायला गेली. त्यानंतर तिनं तिकडं पाण्याचा थेंब नेला नाही. येणारीजाणारी माणसं हसली. बिनपाण्याची बाग बघा म्हणाली. अण्णांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं की आमच्या हिच्या गावात झाडं आपोआप येत्यात, तिला लावायची सवय न्हाई.

संक्रांतीपर्यंत तो पट्टा भरला. काड्यांना काड्या फुटल्या, जमिनीला चिकटून पसरल्या, आणि एका सकाळी ऊन गडग्यावरून उतरलं तशी फुलं उघडली. गुलाबी, पिवळी, पांढरी, नारिंगी, आणि एक असा रंग की ज्याला आत्तीनंही खानापुरातलं नाव दिलं नाही. दहाच्या सुमाराला पट्टा पेटल्यासारखा दिसायचा आणि दुपार कलली की सगळी फुलं मिटून चिंध्या व्हायची. ढग आले तर त्या दिवशी सुट्टी. बेळगावची गाडी कधी वेळेवर यायची नाही, पण ही फुलं यायची. कंडक्टर खिडकीतून पट्ट्याकडं बघून ड्रायव्हरला सांगायचा की आपल्याला उशीर झालाय. बायका काड्या मागायला यायला लागल्या. आई पदराला हात पुसत बाहेर यायची, मूठभर तोडून द्यायची आणि प्रत्येकीला एकच सांगायची, पाणी घालू नकात, उन्हात टाका आणि विसरून जावा. विसरून जायला सांगणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या घरात सगळे आठवण करून देणारे.

आजकाल हे झाड पोर्तुलाका नावानं टांगत्या कुंड्यांतून विकतात. माझ्या सुनेनं तसल्या चार कुंड्या आणल्या, बरोबर एक खताची बाटली, आणि मोबाइलवर पाणी घालायची आठवण करणारी घंटा. आमच्या सोसायटीतल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर दर आठवड्याला कुणीतरी कुजलेल्या काड्यांचा फोटो टाकतं आणि विचारतं, काय करू. मी लिहिते, काही करू नका. ह्या सल्ल्याला आजवर कुणी अंगठासुद्धा दाखवलेला नाही. लोकांना काहीतरी करायचं असतं.

आत्तीला फुलांचा राग नव्हता. तिला राग आला तो पत्त्याचा. तोवर आमचं घर म्हणजे ‘खानापूरकरांचं घर’. आता बसमधून उतरणारी माणसं ‘त्या फुलांच्या घरापाशी’ असं सांगायला लागली, आणि एकदा तर एक ट्रकवाला दुकानात येऊन म्हणाला, दिग्गीवाल्या वहिनींचं घर हेच न्हवं? आत्ती आत जाऊन भांडी आपटत बसली. त्यानंतर आठ दिवसांत अण्णांना सुचलं की गिऱ्हाइकांना टेकायला रस्त्याकडेला सिमेंटचा कट्टा पाहिजे, आणि कट्ट्याला जागा म्हणाल तर नेमकी तीच, गडग्याला लागून असलेली. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली हे सांगायला नको. अण्णांच्या डोक्यातून स्वतःहून एवढंच निघायचं की आता चहा पाहिजे.

आई म्हणाली, न्हाई. ती दुकानाच्या उंबऱ्यात उभी होती आणि दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. आईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. अण्णांनी गिऱ्हाइकांकडं बघून हसून म्हटलं की मालकीणबाई, जागा कुणाची हाय ते इचारा तरी, दिग्गीहून बरोबर आणलीसा काय? गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. मी तेव्हा नववीत होते, पोती मोजत तिथंच बसले होते, आणि अण्णांचा विनोद चांगला जमला होता.

दुसऱ्या सकाळी आईनं पिशवी भरली. आठ दिवस माहेरी जाऊन येते, म्हणाली. माझ्या जन्मानंतर ती इतके दिवस कधी गेली नव्हती. कुणी का म्हणून विचारलं नाही, विचारायची हिंमत नव्हती. बाजारकुणंगपर्यंत गाडी आणि पुढं चालत जायचं होतं. गाडी यायच्या आधी ती मला पट्ट्यापाशी घेऊन गेली. फुलं अजून उघडायची होती. ती म्हणाली, “बाय, तुका एकच काम सांगतंय. हेंका काय करू नको. पाणी नको, काय नको. इतकंच कर.” मी म्हटलं, मग आठ दिवसांनी येतीस ना? तिनं पिशवी उचलली आणि गाडीचा हॉर्न वाजला.

आठाचे बारा झाले. घरात ‘ती येणार न्हाई’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही, पण ते सगळीकडं बसलेलं होतं. आत्तीनं तीन वेळा कुळथाचं सार केलं आणि ते तिन्ही वेळा वेगवेगळ्या कारणानं बिघडलं. अण्णा उकड्या तांदळाच्या पेजेची आठवण काढायला लागले, ज्या पेजेला ते आजवर गाईचं खाणं म्हणत आले होते. मला तर करायला काहीच उरलं नव्हतं. निरोप न्यायला दुसरं टोकच नव्हतं. आत्ती सवयीनं म्हणायची, लीला, तुझ्या आईला सांग, आणि वाक्य तिथंच सोडून मांडणी पुसायला लागायची. रिकाम्या चुलीकडं मी मान वळवायचे आणि पुन्हा सरळ करायचे.

आता जे झालं ते मी नीट सांगते, कारण आमच्या नात्यात ही गोष्ट आजही सांगितली जाते, दर लग्नात, पंगत उठली की. ‘आत्तीनं बाग बुडवली’ हे तिचं नाव. ती सांगताना सगळ्यांत मोठ्यानं मी हसत आले आहे.

आत्तीनं बाग बुडवली हे खरंच. आई गेल्यावर चौथ्या दिवशी तिनं पट्टा पाहिला, दुपारची वेळ होती, फुलं मिटलेली, माती भाजून निघालेली. मे महिन्यात झाडाला पाणी न देणारी बाई तिला कळतच नव्हती. भाताच्या मुलखातली ती, तिच्या हिशेबी पाणी घालणं म्हणजे पाणी उभं राहणं. तिनं कुदळ घेऊन पट्ट्याभोवती टीचभर बांध घातला, शेणाचं पाणी कालवून ओतलं, वर तांदळाचं धुवण ओतलं, आणि रोज सकाळी विहिरीवरून चार घागरी आणून त्या पट्ट्याचा रोपवाफा करून टाकला. परत आल्यावर तिला दिसू दे, म्हणायची, खानापूरची माणसं दुसऱ्याची वस्तू कशी राखत्यात ते. बेडूक तेवढे यायचे बाकी होते.

अण्णांनीही घातलं. ते पहाटे दात घासून चूळ भरायला पट्ट्याशी उभे राहायचे आणि हातातल्या तांब्यातलं उरलेलं पाणी, आजूबाजूला बघून, हळूच ओतायचे. कट्ट्याचं नाव त्यांनी त्या दिवसांत काढलं नाही. आयुष्यात बायकोसाठी त्यांनी केलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट, आणि तीही चूळ भरून उरलेल्या पाण्यानं.

आणि मी. पहिल्यांदा पाणी घातलं ते आत्तीनं नव्हे. आई गेली त्याच दिवशी, दुपार कलून फुलं मिटल्यावर, मी घातलं. फुलं दुपारी मिटतात हे मला चांगलं ठाऊक होतं. महिनोन्‌महिने बघत होते. पण आई घरात असताना ती मिटली की मिटलेली दिसायची, आणि आई नसताना ती मेल्यासारखी दिसायला लागली. मी मामाचा तांब्या भरून आणला आणि ओतला. मग दुसरा. रोज दुपारी आत्ती आडवी झाली की दहा-बारा तांबे व्हायचे. उन्हात तापलेली माती पाणी प्यायची तसा चुर्र आवाज यायचा आणि मला वाटायचं, बघ, तहानली होती. ओला तांब्या मांडणीवर ठेवला तर कळेल म्हणून मी तो गडग्याच्या फटीत लपवायचे. शनिवारी आत्तीनं मला विचारलं, तुझा तांब्या कुठाय? मी म्हटलं, विहिरीत पडला. दिग्गीचा तर होता, म्हणून आत्तीनं फार शोध घेतला नाही.

एका सकाळी दहा वाजले आणि एकही फूल उघडलं नाही. ऊन होतं, ढग नव्हते. बेळगावची गाडी थांबली, कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं आणि अण्णांना म्हणाला, “सावकार, तुमचं घड्याळ बंद पडलं व्हय?” आम्ही तिघंही पट्ट्याशी जमलो. आत्तीनं एक काडी चिमटीत धरली तर तिचा काळा लगदा झाला. दुसरी धरली, तिसरी धरली. वरून हिरव्या दिसणाऱ्या सगळ्या खालून सडून गेलेल्या होत्या आणि बांधाच्या आत आंबूस वास सुटला होता. अण्णा एवढंच म्हणाले की आता ती येत न्हाई. इतक्या दिवसांत ते वाक्य शेवटी बाहेर पडलं. मग ते दुकानात जाऊन बसले आणि गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

आत्ती मात्र बसणारी नव्हती. ती म्हणाली, काड्या आणायच्या. आईनं निम्म्या रामनगरला काड्या वाटल्या होत्या, आणि ज्या ज्या घरी त्या गेल्या होत्या तिथं त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नसल्यामुळं त्या मजेत होत्या. सगळ्यांत जवळचं घर शांताक्काचं, तिच्या गडग्यावरून तर फुलं बाहेर सांडत होती. मी म्हटलं, मागून आणते. आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तिला शिवी दिली. मागून आणलेलं लागत न्हाई. शिवाय खानापूरकर कुणाच्या दारात मागायला जात न्हाईत. तेव्हा ऐन दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, साठी उलटलेली आमची आत्ती नऊवारीचा काष्टा खोचून शांताक्काच्या गडग्यावर चढली. मला तिनं रस्त्यावर पहाऱ्याला उभं केलं. कुणी आलं तर खोकायचं होतं.

कुणी आलं नाही, शांताक्का आधीपासूनच तिथं होती. ती पायरीवर बसून सुपातलं पाखडत होती आणि आत्तीचा एक पाय गडग्याच्या आत, एक बाहेर, ओच्यात काड्या, अशी अवस्था तिनं सुरुवातीपासून पाहिली होती. मी खोकले, पण तेव्हा खोकून काय उपयोग. आत्ती गडग्यावरच थांबली. उतरताही येईना, चढताही येईना. शांताक्कानं सूप बाजूला ठेवलं, उठून आली, आत्तीच्या हाताला आधार दिला आणि म्हणाली, “न्या की वो आक्का. तुमच्याच घरातली हायत. मंजुळानं दिलीयात.” मंजुळा म्हणजे माझी आई. आत्तीचं तोंड लाल झालं होतं. तिला पकडल्याचं दुःख नव्हतं. चोरी चोरी राहिली नाही ह्याचं होतं. आता ह्या काड्या लागणार कशा, असं ती घरी येईपर्यंत पुटपुटत होती.

बांध मोडला, चिखल खरवडून काढला, पट्टा दोन दिवस उन्हात तापू दिला आणि काड्या खोवल्या. शेवटची काडी खोवून आत्तीचा हात सवयीनं घागरीकडं गेला तेव्हा मी तो धरला. तिनं सोडवून घेतला नाही. आम्ही दोघी तशाच बसलो, आणि मला वाटतं आमच्या घरानं काहीही न करण्याचा तो पहिला प्रसंग.

आई आली ती पंधराव्या दिवशी, मामाबरोबर, सकाळच्या गाडीनं. पायात धूळ, मामाच्या हातात कोनफळांची पिशवी. आम्ही तिघं दारात उभे होतो, शाळेच्या तपासणीला उभं करतात तसे. ती अंगणात आली नाही. आधी पट्ट्याशी गेली आणि उभी राहिली. जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं वीसेक काड्या होत्या आणि दोन फुलं. तिनं वाकून माती चिमटीत घेतली, वास घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारती झाली, पाणी कुणी घातलं?

अण्णा रस्त्याकडं बघायला लागले. माझे डोळे गडग्याच्या फटीकडं गेले. मामा पिशवी घेऊन तसाच उभा होता, परत न्यायची की ठेवायची हे ठरायचं असल्यासारखा. आणि मग आत्ती पायरी उतरून पुढं गेली. मला वाटलं आता म्हणेल, लीला, तुझ्या आईला सांग. मी तयारही झाले होते.

“मंजुळा,” आत्ती म्हणाली, “मी घातलं. मी एकटीनं. ह्या दोघांनी काय केलं न्हाई.”

आईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत त्या घरात तिला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती, आणि आत्तीच्या तोंडून तर नाहीच. मग आई म्हणाली, “आता नका घालू,” आणि पिशवी मामाच्या हातून घेऊन आत गेली. माझी टपालाची नोकरी त्या क्षणी संपली आणि त्याचं मला, खोटं कशाला सांगू, वाईटही वाटलं.

मी त्या दिवशी बोलले नाही. नंतरही नाही. आत्तीनं बाग बुडवली, ही गोष्ट गावभर झाली, नात्यात गेली, आणि आत्ती मरेपर्यंत ती तिच्यासमोर सांगितली गेली. ती खोडून काढायला तिनं कधी तोंड उघडलं नाही. मीही नाही. आईच्या हेलाची नक्कल करणारी मी पुढं आत्तीच्या गडग्यावर चढण्याची नक्कल करायला लागले. लोक अजून हसतात. पट्ट्याचं काय झालं म्हणाल तर पावसाच्या तोंडावर आईनं त्यातल्या मूठभर काड्या फुटक्या मडक्यात वळचणीला ठेवल्या आणि दसऱ्यानंतर पुन्हा लावल्या. कट्टा फणसाच्या सावलीत झाला, आणि गिऱ्हाइकांनी सांगितलं की बसायला सावलीच बरी. हे शहाणपण कुणाला आधी सुचलं नव्हतं.

पण त्या दुपारची एक गोष्ट मी कुठल्याच लग्नात सांगितलेली नाही. आईनं येताच चूल ताब्यात घेतली होती. पानं मांडली, मामा आणि अण्णा समोर बसले, मी आत्तीशेजारी. मी मान खाली घालून बसले होते. जिच्याशी बोलणं एवढंच माझं काम होतं तिच्याकडं मला बघवत नव्हतं. आई माझ्या पानापाशी वाकली आणि उजव्या बाजूला तांब्या ठेवला. गडग्याच्या फटीत पंधरा दिवस काळा पडलेला तो चिंचेनं घासून लख्ख केलेला होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि ‘चि. लीला हिस मामाकडून’ ही अक्षरं माझ्याकडं तोंड करून होती.

“पी, बाय,” आई म्हणाली.

मी तांब्या उचलला. काठावरचं पाणी पानात सांडलं. शेजारी बसलेल्या आत्तीनं तांब्या बघितला. विहिरीत पडलेला तांब्या वर कसा आला ते तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि माझं ओलं झालेलं पान स्वतःकडं ओढून घेऊन आपलं कोरडं पान माझ्यापुढं सरकवलं.

“मंजुळा,” ती म्हणाली, “पोरीला भात वाढ.”